जोयड्याच्या अंगणातील अमॅरिलिस : वैशाखाचे फूल, पावसाळ्याची कमाई

गोव्याच्या पूर्व सीमेला लागून असलेला उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका काळी नदीचे उगमस्थान, अणशी-दांडेलीचे अरण्य आणि अनमोडचा घाट यांमुळे परिचित आहे. या तालुक्यातील घरांच्या अंगणांत, तुळशी वृंदावनाच्या कडेला किंवा पायरीलगतच्या कुंडीत, चैत्र-वैशाखाच्या उन्हात एक फूल उमलते. त्याला बहुतेक घरांत नुसते 'लिली' म्हणतात. जाड, पोकळ, पानांविना वर आलेला दांडा आणि त्याच्या टोकाला कर्ण्याच्या आकाराची दोन ते चार मोठी फुले, असे त्याचे रूप असते. रोपवाटिकांमध्ये हेच झाड 'अमॅरिलिस' या नावाने विकले जाते. अलीकडे पांढऱ्या, गुलाबी, पट्टेदार व दुहेरी पाकळ्यांच्या जातीही सहज मिळू लागल्याने घरोघरी या कंदांचे छोटे संग्रह तयार होत आहेत.

या संग्रहांची एक तक्रार मात्र सर्वत्र सारखीच ऐकू येते. पहिल्या वर्षी फूल येते, दुसऱ्या वर्षी नुसती पाने येतात आणि तिसऱ्या वर्षी कंदच नाहीसा होतो. याचे कारण बहुधा निकृष्ट कंद हे नसते. फुलाच्या दिवसांत झाडाकडे सर्वांचे लक्ष असते; पण त्याचे भवितव्य ज्या पावसाळ्यात ठरते, त्या चार महिन्यांत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. जोयड्यासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात तर अमॅरिलिसची जोपासना म्हणजे प्रामुख्याने पावसाळ्याचे व्यवस्थापनच होय.

नावाचा घोळ

'अमॅरिलिस' हे नाव प्राचीन रोमन कवी व्हर्जिल याच्या काव्यातील एका मेंढपाळ तरुणीचे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये ते एका वनस्पती-प्रजातीला दिले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील आणि दक्षिण अमेरिकेतील दोन वेगवेगळ्या गटांना हेच नाव लावले जाऊ लागले. इंग्लंडमधील धर्मोपदेशक व कंदवर्गीय वनस्पतींचे अभ्यासक विल्यम हर्बर्ट यांनी १८२१ मध्ये अमेरिकेतील गटासाठी 'हिपिअ‍ॅस्ट्रम' हे स्वतंत्र नाव सुचवले. त्याचा अर्थ साधारणपणे 'अश्वारूढ वीराचा तारा' असा होतो. तरीही वाद दीर्घकाळ रेंगाळला. अखेर १९८७ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत 'अमॅरिलिस' हे शास्त्रीय नाव दक्षिण आफ्रिकेतील प्रजातीसाठी कायम करण्यात आले.

त्यामुळे आपल्या अंगणात फुलते ते शास्त्रीयदृष्ट्या हिपिअ‍ॅस्ट्रम; व्यवहारात मात्र अमॅरिलिस हेच नाव रूढ आहे. दोहोंतील फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. हिपिअ‍ॅस्ट्रमचा दांडा आतून पोकळ असतो, तर खऱ्या आफ्रिकी अमॅरिलिसचा दांडा भरीव असतो.

हिपिअ‍ॅस्ट्रमच्या रानटी जाती ब्राझील, पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना या देशांपासून कॅरिबियन बेटांपर्यंत आढळतात. त्यांचा पहिला प्रसिद्ध संकर इंग्लंडमधील आर्थर जॉन्सन या घड्याळजीने १७९९ च्या सुमारास केला. लाल पाकळीवर मधोमध पांढरी रेघ असलेला हा संकर आजही 'जॉन्सनी' या नावाने ओळखला जातो. त्यानंतर नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतील संकरकारांनी असंख्य जाती निर्माण केल्या.

संग्रहात काय असावे

घरगुती संग्रहाची सुरुवात परिसरात पूर्वीपासून असलेल्या कंदांपासून करणे शहाणपणाचे ठरते. भारतात अनेक ठिकाणी रुजलेली नारिंगी-लाल फुलांची आणि हिरवट-पांढऱ्या कंठाची जात, म्हणजे हिपिअ‍ॅस्ट्रम प्युनिसियम, हीच बहुतेक जुन्या अंगणांतील 'लिली' असते. तिचे फूल संकरित जातींहून लहान असते. पण ती चिवट आहे, भरपूर पिल्ले देते आणि येथील पावसाला सरावलेली आहे. नवशिक्याने कंद जगवण्याचा सराव या जातीवर करावा.

त्यानंतर मोठ्या फुलांच्या संकरित जातींकडे वळावे. गडद लाल 'रेड लायन', पांढऱ्यावर गुलाबी छटेची 'अ‍ॅपल ब्लॉसम', लाल-पांढऱ्या पट्ट्यांची 'मिनर्व्हा', पांढऱ्या पाकळीला बारीक लाल किनार असलेली 'पिकोटी' आणि दुहेरी पाकळ्यांची 'डान्सिंग क्वीन' ही जगभरच्या बाजारातील परिचित नावे आहेत. ब्राझीलच्या किनारी अरण्यातील 'पॅपिलिओ' ही रानटी जात तिच्या हिरवट पाकळीवरील तपकिरी-लाल रेषांमुळे संग्राहकांना विशेष प्रिय आहे. ती सदाहरित असल्याने तिला इतरांसारखी कडक कोरडी विश्रांती देऊ नये. हिवाळ्यातही अधूनमधून थोडे पाणी द्यावे.

कंद विकत घेताना त्याचा घेर पाहावा. आयात कंदांची प्रतवारी सेंटीमीटरमधील घेरावर होते. २४ ते २६ सेंटीमीटर घेराचा कंद साधारणपणे एक दांडा देतो, तर ३० सेंटीमीटरच्या पुढील कंदाकडून दोन किंवा अधिक दांड्यांची अपेक्षा ठेवता येते. कंद हाताला घट्ट व जड लागला पाहिजे. त्याची मान मऊ नसावी, तळाच्या चकतीवर बुरशी नसावी आणि सालींवर लालभडक चट्टे नसावेत. सालींचा नैसर्गिक तपकिरी किंवा किंचित लालसर रंग हा दोष नव्हे.

आयात कंदांबाबत एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी. परदेशातून येणारे कंद ठरावीक काळ थंड गोदामात ठेवलेले असतात. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावल्यावर ते सहा ते आठ आठवड्यांत, म्हणजे ऐन थंडीत फुलतात. दुसऱ्या वर्षी हाच कंद डिसेंबरात फुलला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. एकदा येथील ऋतुचक्रात रुळला की तोही फाल्गुन-चैत्राच्या सुमारास फुलू लागतो.

फूल कसे घडते

अमॅरिलिसचा कंद कांद्यासारखा पानांच्या मांसल तळांपासून बनलेला असतो. आत मध्यभागी असलेला अंकुर ठरावीक क्रमाने वाढतो: साधारणपणे चार पाने तयार झाली की एक फुलदांडा आकार घेतो, पुन्हा चार पाने, पुन्हा एक दांडा. हा दांडा लगेच बाहेर येत नाही. कंदाच्या पोटात त्याची वाढ सुमारे वर्षभर चालते. यंदाच्या वैशाखात दिसणारे फूल म्हणजे मागील हंगामातील पानांनी साठवलेल्या अन्नाचे फळ असते.

यातूनच जोपासनेचे दोन मूलभूत नियम निघतात. पहिला, फुले सरल्यावर येणारी पाने कापू नयेत, त्यांच्या गाठी मारू नयेत आणि त्यांना सावलीत ढकलू नये. दुसरा, एका हंगामात किमान चार निरोगी पाने टिकली नाहीत, तर पुढील फुलाची आशा धरू नये. 'पाने येतात पण फूल नाही' या तक्रारीमागे बहुधा अपुरे ऊन, नत्रयुक्त खताचा अतिरेक किंवा विश्रांतीचा अभाव यांपैकी एक कारण असते. घाटमाथ्यावर घराभोवती दाट झाडी असल्याने उन्हाची उणीव हे कारण अधिक वेळा आढळते. लांबलचक, फिकट, लोळणारी पाने हे त्याचे लक्षण होय.

जोयड्याचे हवामान : सोय आणि अडचण

जोयडा तालुक्याचा पाऊस सर्वत्र सारखा नाही. घाटाच्या कड्यावरील कॅसलरॉक आणि दिग्गीच्या बाजूला प्रचंड पाऊस पडतो. कॅसलरॉकची गणना कर्नाटकातील अतिवृष्टीच्या ठिकाणांत होते. पूर्वेकडे जगलबेट-रामनगरच्या दिशेने गेल्यास तो बराच कमी होत जातो. त्यामुळे रामनगरला उघड्या वाफ्यात सुखाने वाढणारा संकरित कंद कॅसलरॉकला त्याच पद्धतीने लावल्यास कुजू शकतो. तालुक्याच्या पश्चिम भागात छपराखालील कुंड्या आणि पूर्व भागात उंच गादीवाफे, अशी ढोबळ विभागणी उपयुक्त ठरते.

अडचण पावसाची, तर सोय हिवाळ्याची. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात येथे जवळजवळ पाऊस नसतो आणि रात्री गारठा असतो. अमॅरिलिसला हवी असलेली कोरडी विश्रांती निसर्ग येथे आपणहून देतो. गोव्याच्या किनारपट्टीवर हिवाळी रात्री तुलनेने उबदार असतात. तेथेही फुले येतात, पण पाणी तोडण्याची शिस्त अधिक काटेकोरपणे पाळावी लागते.

लागवड

कुंडी मातीची असावी. तिचा व्यास कंदापेक्षा फार मोठा असू नये. कंद आणि काठ यांत सर्व बाजूंनी तीन ते पाच सेंटीमीटर अंतर पुरते. प्रशस्त कुंडीत माती दीर्घकाळ ओली राहते आणि कंद कुजतो. तळाला मोठे भोक आणि त्यावर खापरी किंवा जांभ्या दगडाचे खडे असावेत.

मातीचे मिश्रण निचऱ्याचे हवे. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जाडसर नदीची वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि मूठभर भाताचे तूस, हे येथे सहज जमणारे मिश्रण आहे. नारळाच्या काथ्याचा भुसा पाणी धरून ठेवतो. कोरड्या प्रदेशात तो गुण ठरतो, येथे पावसाळ्यात तोच दोष ठरतो. ओले, अर्धे कुजलेले शेण कंदाला कधीही लावू नये.

कंद लावताना त्याचा वरचा एक तृतीयांश ते अर्धा भाग मातीबाहेर ठेवावा. मान पुरली गेली तर पावसाचे पाणी तेथे साचून कूज सुरू होते. जमिनीत लावायचे असल्यास वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान वीतभर उंच करावा आणि दोन कंदांत एक फुटाचे अंतर ठेवावे.

जागा निवडताना दोन स्थानिक चुका टाळाव्यात. छपराच्या पागोळ्या पडतात त्या रेषेत कंद लावू नयेत. पावसाळाभर एकाच जागी पडणारी धार माती उडवते, मुळे उघडी करते आणि मानेत पाणी भरते. तसेच सुपारीच्या भिजवणीच्या बागेत कंद लावू नयेत. तेथे हिवाळ्यातही पाणी सुरू राहिल्याने कंदाला विश्रांती मिळत नाही आणि वरून सावलीही पडते. सकाळचे चार ते सहा तास ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली मिळणारी पूर्वेकडील बाजू सर्वोत्तम.

वर्षाचे वेळापत्रक

फाल्गुन-चैत्र : कोंब दिसू लागला की पहिले पाणी बेताचे द्यावे. आधी दांडा की आधी पान, हे जातीवर आणि कंदाच्या स्थितीवर अवलंबून असते. दांडा उजेडाकडे झुकतो, म्हणून कुंडी दर दोन-तीन दिवसांनी थोडी फिरवावी.

चैत्र-वैशाख : फुलण्याचा काळ. पाणी मुळाशी द्यावे, मानेत ओतू नये. फूल कोमेजल्यावर बी धरायचे नसल्यास फुलामागची गाठ खुडावी. हिरवा दांडा मात्र आपोआप पिवळा पडेपर्यंत राहू द्यावा, कारण तोही अन्न तयार करतो.

ज्येष्ठ : पाऊस सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कंदाभोवती शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि चिमूटभर चुलीतील राख द्यावी. मान मातीने झाकली गेली असल्यास मोकळी करावी. संकरित जातींच्या कुंड्या वरून छत असलेल्या, पण उजेडाच्या जागी हलवाव्यात.

आषाढ-श्रावण : वर्षातील निर्णायक महिने. पाने जितकी टिकतील तितका कंद भरेल. आठवड्यातून एकदा प्रत्येक कुंडी तिरकी करून मानेत साचलेले पाणी काढावे, तळाचे भोक बुजले आहे का ते पाहावे, कुजलेले पान मुळापासून काढावे. सतत मुसळधार पाऊस असताना कोणतेही खत घालू नये. ते वाहून जाते.

भाद्रपद-आश्विन : पाऊस ओसरतो, ऊन परतते. या काळात कंद झपाट्याने भरतो. पालाशयुक्त खताचा एक हप्ता येथे उपयोगी पडतो. नत्र टाळावे.

कार्तिक-मार्गशीर्ष : पाणी क्रमाक्रमाने कमी करून थांबवावे. पाने पिवळी पडू लागतील. ती पूर्ण वाळल्यावरच काढावीत.

पौष-माघ : आठ ते दहा आठवडे संपूर्ण कोरडी विश्रांती. कुंडी छायेत, हवेशीर जागी ठेवावी.

कंद दरवर्षी उकरून काढण्याची गरज नसते. अमॅरिलिसची जाड मुळे बहुवर्षायू असतात आणि वारंवार हलवल्याने झाडाचे एक वर्ष वाया जाऊ शकते. तीन-चार वर्षांनी, विश्रांतीच्या शेवटी, कुंडी बदलणे पुरेसे आहे.

कंदांच्या मुलखातील सावधगिरी

उकरून न काढण्याचा हा सल्ला जोयड्यात आणखी एका गंभीर कारणासाठी महत्त्वाचा आहे. हा तालुका खाद्य कंदांचा मुलूख आहे. येथील कुणबी समाजाने मुडली, कोनफळ, करांदे, काटेकणगी, सुरण अशा अनेक कंदांच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. हिवाळ्यात त्यांची काढणी होते आणि त्याच सुमारास जोयडा येथे कंदमुळांचा मेळावाही भरतो. अमॅरिलिसचा कंद विश्रांतीत जातो तोही याच दिवसांत. पाने नसलेला, माती लागलेला हा कंद परसातील टोपलीत पडला, तर अनोळखी नजरेला तो मोठा कांदाच वाटेल.

हा कंद विषारी आहे. त्यात लायकोरीन आणि त्याच्या वर्गातील इतर अल्कलॉइड असतात. त्यांचे प्रमाण पानाफुलांपेक्षा कंदात अधिक असते. पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, पोटदुखी, जुलाब, लाळ गळणे ही लक्षणे दिसतात आणि मोठ्या मात्रेत प्रकृती गंभीर होऊ शकते. शिजवल्याने कंद खाण्यायोग्य होतो असे मानू नये. काही खाद्य कंदांची खाज किंवा कडवटपणा उकळून, आंबट घालून घालवता येतो. तो अनुभव येथे लागू करणे धोक्याचे आहे. कुत्री, मांजरे आणि गुरे यांनाही हा कंद अपायकारक आहे.

म्हणून पुढील नियम कोणत्याही संग्रहात सक्तीचे मानावेत. अमॅरिलिसचे कंद स्वयंपाकघरात, माळ्यावरील कांदा-बटाट्याजवळ किंवा बियाण्याच्या खाद्य कंदांसोबत कधीही ठेवू नयेत. उकरावेच लागले तर ते वेगळ्या टोपलीत, 'विषारी, फुलाचा कंद' अशी चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे टांगावेत. खाद्य कंदांच्या वाफ्यात किंवा त्याच्या बांधावर अमॅरिलिस लावू नये. शेजाऱ्यांना पिल्ले भेट देताना ही माहिती आवर्जून सांगावी. कंद हाताळल्यावर हात धुवावेत. काहींच्या त्वचेला त्याचा चीक बाधतो. चुकून कोणी खाल्लाच तर तोंड स्वच्छ धुवून, घरगुती उपायांत वेळ न दवडता, तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी आणि कंदाचा तुकडा सोबत न्यावा. तालुक्यातील आडवाटेच्या वाड्यांपासून मोठे इस्पितळ दूर असल्याने येथे प्रतिबंधाचे मोल अधिक आहे.

या कुळातील द्रव्यांचा औषधात उपयोग होतो, हेही खरे. याच कुळातील काही वनस्पतींपासून मिळालेले गॅलँटामाइन हे द्रव्य स्मृतिभ्रंशाच्या उपचारात वापरले जाते. परंतु ते शुद्ध केलेले आणि मोजून दिलेले औषध आहे. घरच्या कंदाचा काढा करून पाहण्यास त्यातून कोणताही आधार मिळत नाही.

रोग आणि किडी

दमट हवेतील सर्वांत त्रासदायक रोग म्हणजे 'लाल करपा'. पानांवर, दांड्यावर आणि सालींवर तांबड्या रेषा व चट्टे उमटतात, दांडा त्या बाजूला वाकतो, कळ्या नीट उमलत नाहीत. स्टॅगोनोस्पोरा नावाच्या बुरशीमुळे हा रोग होतो. बाधित पाने काढून जाळावीत, कंदाच्या रोगट साली सोलून तो सावलीत सुकवावा, वरून पाणी देणे थांबवावे. सुपारीच्या कोळेरोगासाठी बागायतदार वापरतात ते एक टक्का बोर्डो मिश्रण किंवा अन्य ताम्रयुक्त बुरशीनाशक पावसाच्या उघडिपीत फवारल्यास प्रसार आटोक्यात राहतो.

पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे व तांबडे ठिपके असलेल्या सुरवंटांचे थवे एका रात्रीत पाने फस्त करतात. पॉलिटेला नावाच्या पतंगाच्या या अळ्या लिलीवर्गीय झाडांवरच जगतात. कळलावी, नागदवणा आणि पावसाळी लिली यांवरही त्या दिसतात. संग्रह लहान असल्यास सकाळी हाताने वेचणे हाच उत्तम उपाय होय. पानांच्या खालच्या बाजूला पुंजक्याने घातलेली अंडी पुसून काढल्यास पुढचा त्रास टळतो.

कंदाच्या मानेतील पिठ्या ढेकणासाठी साबणाचे सौम्य पाणी आणि निंबोळी अर्क उपयोगी पडतात. पानांवर फिकट-गडद हिरवे पट्टे दिसू लागले तर विषाणूजन्य केवड्याची शंका घ्यावी. त्यावर उपाय नाही. असा कंद कितीही दुर्मीळ असला तरी संग्रहातून दूर करावा आणि दांडे किंवा पाने कापताना प्रत्येक झाडानंतर चाकू निर्जंतुक करावा. एका रोगी कंदाच्या मोहापायी पूर्ण संग्रह गमावल्याची उदाहरणे बागकामात नवीन नाहीत.

संख्या वाढवणे

सर्वांत सोपा मार्ग पिल्लांचा. मूळ कंदाच्या बाजूला आलेली पिल्ले त्यांना स्वतःची मुळे फुटल्यावर, कुंडी बदलताना अलगद वेगळी करावीत. ती दोन ते तीन वर्षांत फुलावर येतात आणि त्यांचे फूल मूळ झाडासारखेच असते.

बियांपासून केलेली लागवड अधिक कुतूहलाची. सकाळी फूल उमलल्यावर परागकोश काढून घ्यावेत आणि दुसऱ्या जातीचे पराग कुक्षी तीन भागांत उघडल्यावर तिच्यावर लावावेत. बोंड चार ते सहा आठवड्यांत पिकून फुटते. आत काळ्या, कागदासारख्या पातळ, चपट्या बिया असतात. वैशाखात धरलेले बोंड पावसाच्या तोंडावर पिकत असल्याने ताज्या बिया लगेच पेरता येतात. मात्र रोपांचा ट्रे थेट पावसात ठेवू नये. बियांची रोपे फुलावर येण्यास साधारण तीन ते चार वर्षे लागतात आणि प्रत्येक रोपाचे फूल वेगळे निघू शकते. रोपांना पहिली दोन वर्षे विश्रांती न देता वाढत ठेवावे.

फुलांचा आस्वाद

एक फूल साधारणपणे आठवडाभर टिकते आणि एका दांड्यावरील फुले क्रमाने उमलतात. वेगवेगळ्या जाती आणि थोड्या अंतराने सुरू केलेले पाणी यांच्या आधारे पाडव्यापासून अक्षय तृतीयेच्या पुढेही अंगण फुललेले ठेवता येते. फुललेली कुंडी दुपारी सावलीत आणल्यास फुले अधिक टिकतात. परागकोश काढून टाकल्यास पाकळ्यांवर पिवळे डाग पडत नाहीत.

फुलदाणीसाठी पहिली कळी रंग धरून उमलण्याच्या बेतात असताना दांडा कापावा. पोकळ दांड्यात बांबूची बारीक काडी घातली म्हणजे फुलांच्या भाराने तो मोडत नाही; तळाशी दोरा बांधल्यास तो चिरून वळत नाही. पाणी थोडे ठेवावे आणि रोज बदलावे. तीन दांडे एकत्र ठेवण्यापेक्षा एकच दांडा साध्या तांब्यात ठेवल्यास फुलाची घडण अधिक स्पष्ट दिसते.

नोंद आणि रानातील नातलग

संग्रह आणि नुसती गर्दी यांतील फरक नोंदीत असतो. प्रत्येक कुंडीला क्रमांक द्यावा आणि वहीत कंद कोठून आला, केव्हा लावला, पाने किती आली, दांडा कधी दिसला, हे लिहावे. पावसाळ्यातील पानांची संख्या आणि पुढच्या उन्हाळ्यातील दांडे यांची तुलना दोन-तीन वर्षे केली की पाने कमी पडल्याचा फुलावर होणारा परिणाम वहीतच दिसू लागतो. जुन्या अंगणातून मिळालेल्या अनामिक कंदाला चित्र पाहून बाजारातील नाव चिकटवू नये. ज्या गावातून तो आला त्या गावाचे नाव तात्पुरते द्यावे. तीच त्याची खरी ओळख होय.

संग्राहकांची नजर कधीकधी रानाकडेही वळते, कारण सह्याद्रीत याच कुळातील देशी वनस्पती आहेत. नागदवणा आणि गडांबी कांदा या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या क्रायनमच्या जाती ओढ्यांच्या काठी व मोकळ्या गवताळ जागी फुलतात. त्यांच्यापैकी काहींचा आढळ फारच मर्यादित आहे. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाचे प्रमुख जी. मार्शल वुड्रो यांच्या नावाने ओळखली जाणारी 'क्रायनम वुड्रोवी' ही महाबळेश्वर परिसरातील जात शतकाहून अधिक काळ कोणाला दिसली नव्हती. या शतकाच्या सुरुवातीस ती पुन्हा सापडली.

अशा वनस्पतींचे कंद रानातून उपटून आणणे सर्वथा टाळावे. जोयडा तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो आणि अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय त्याची गरजही नाही. अमॅरिलिसचा एक निरोगी कंद काही वर्षांत पिल्लांनी कुंडी भरून टाकतो. संग्रह वाढवण्याची उत्तम रीत म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणातील दोन पिल्ले घेणे आणि आपली दोन देणे. देताना मात्र त्यांच्यासोबत दोन गोष्टी सांगाव्यात: हा कंद खायचा नाही, आणि पावसाळ्यात याच्याकडे लक्ष ठेवायचे.